बाटली मिळते, तारीख मिळत नाही

प्रति,
सोलापूर जिल्ह्यातील कृषिसंशोधक आणि गणित-संख्याशास्त्राचे प्राध्यापक यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

सोलापुरातून पुणे रस्त्याला लागलं की केगाव येतं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र केगावलाच आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठही केगावलाच. एका आवारात फळांच्या किडी-रोगांचा अभ्यास होतो, दुसऱ्यात अवकल समीकरणं आणि संख्याशास्त्र शिकवलं जातं. फळ पोखरणाऱ्या अळीला मारणारा विषाणू नेमका कोणत्या दिवशी फवारायचा, हा माझा प्रश्न या दोन आवारांच्या मधल्या रस्त्यावर पडून आहे. तो कुणा एकाच्या विषयात बसत नाही, म्हणून हे पत्र दोघांच्या नावे लिहिते आहे.

मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यापासून मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठी आमच्या शेतावर राहते. शेती माझे धाकटे दीर बघतात, हिशेबाची वही माझ्याकडे असते. एक एकर टोमॅटो, दोन एकर डाळिंब, रब्बीला हरभरा आणि ज्वारी. टोमॅटोत जिला आम्ही फळ पोखरणारी अळी म्हणतो, तीच हरभऱ्यात घाटेअळी आणि कपाशीवर हिरवी बोंडअळी. शास्त्रीय नाव एकच, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. डोकं फळात, अर्धं अंग बाहेर, अशी ती टोमॅटोला चिकटलेली दिसते. एका फळात ती पोटभर खात नाही. थोडं खाते, सोडते, शेजारच्या फळाला लागते. भोकातून पाणी शिरतं, फळ सडतं. तोडणीच्या दिवशी बांधावर बाद मालाचा जो ढीग पडतो त्यातला निम्मा तिच्या नावावर असतो.

गेल्या वर्षी जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आधीच्या आठवड्यात भाऊजींनी तालुक्याच्या गावातून एचएएनपीव्हीची बाटली आणली. घाटेअळीला मारणारा विषाणू. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की संध्याकाळी फवारा, पाण्यात थोडा गूळ आणि राणीपाल घाला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, कपड्याची राणीपाल अळीला कशाला?" मी वाचून सांगितलं की विषाणूला उन्हातले अतिनील किरण मारतात आणि राणीपाल ते किरण शोषून घेते. गूळ अशासाठी, की अळीने पान चवीने खावं. विषाणू अंगाला लागून काही होत नाही, तो पोटातच जावा लागतो.

फवारलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर अळ्या जिवंत, फळं कुरतडलेली. चौथ्या दिवशी भाऊजींचा धीर सुटला. दुकानदाराने दिलेलं रासायनिक औषध पंपात भरलं आणि मारलं. टाकी संपली तेव्हा विहिरीकडच्या चार ओळी राहिल्या होत्या. पुन्हा पाणी आणून चार ओळींसाठी कोण पंप भरणार? त्या तशाच सुटल्या.

आठव्या दिवशी तोडणीला आलेल्या मावशींनी त्या चार ओळींतून हाक मारली, "बाई, इकडं या, अळ्या फाशी घेतल्यागत लटकल्यात." मी गेले. शेंड्याच्या पानाला मागच्या पायांनी धरून अळी डोकं खाली करून लोंबत होती. रंग मळकट पिवळा, कातडी भिजलेल्या कागदासारखी. काडीने नुसतं टोकलं तर कातडी फाटली आणि आतून तपकिरी, दुधाळ पाणी ओघळून खालच्या पानावर पडलं. आत अळी अशी काही उरलीच नव्हती. त्या चार ओळींत मी अशा एकोणीस मोजल्या. बाकीच्या एकरातल्या अळ्या औषधाने मेल्या की विषाणूने, ते आता कुणीच सांगू शकत नाही. ज्या औषधासाठी दोन हजारांवर पैसे मोजले, त्याची गरज होती का, हेही नाही.

तेव्हापासून मी याच्यामागे लागले आहे. वाचलं, विचारलं, वहीत आकडे मांडले. जे कळलं ते आधी सांगते, कारण मागणी त्यातूनच निघते.

हा बॅक्युलोव्हायरस कुळातला विषाणू. त्याचे कण प्रथिनाच्या एका घट्ट डबीत बंद असतात. डबी एक-दोन मायक्रॉनची, म्हणजे कॉलेजातल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही ठिपक्यासारखी दिसते. अळीच्या मधल्या आतड्यात अल्कलीचं प्रमाण फार असतं. तिथे ही डबी विरघळते आणि विषाणू सुटतो. माणसाचं जठर आम्लाचं, त्यामुळे तिथे ते घडत नाही, आणि विषाणूही काही मोजक्या किडींपलीकडे कुणाला लागत नाही. मधमाशी, ढालकिडा, किडींची अंडी मारणारी ट्रायकोग्रामा ही बारीक माशी, यांना त्याचा धक्का नाही. युरोपला द्राक्ष-डाळिंब पाठवणाऱ्याला फळात उरणाऱ्या औषधाच्या अंशाची जी धास्ती असते, तीही इथे नाही. लागण झालेली अळी पाच-सात दिवसांत मरते, पण मरण्याआधी वर चढते. १९८९ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं की याच कुळातल्या एका विषाणूकडे अळीचं कात टाकण्याचं संप्रेरक निकामी करणारं एक जनुक असतं. २०११ साली जंगलातल्या एका पतंगाच्या अळीवर हेही दिसलं की त्याच जनुकामुळे ती झाडाच्या शेंड्याकडे जाऊन मरते. उंचावर मेली की आतला द्रव खालच्या पानांवर ठिबकतो आणि त्या पानांवर पुढच्या अळ्या जेवतात. मावशींनी जे "फाशी" म्हणून दाखवलं, तो विषाणूचा पेरा होता.

भारतात या विषाणूची मात्रा अळीच्या मापात मोजतात. एक एलई म्हणजे एका अळीएवढा माल, सहाशे कोटी डब्या. हरभऱ्याला हेक्टरी २५० एलई, म्हणजे एकरी १००. मी भागाकार केला. जमिनीच्या एका चौरस सेंटिमीटरवर साधारण १५,००० डब्या पडतात. आकडा ऐकून भाऊजी म्हणाले, "मग अळी वाचतेच कशी?"

तिथून गणित सुरू होतं.

साथीचं गणित आपल्याला परकं नाही. केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोन शास्त्रज्ञांनी १९२७ साली साथ कशी चढते आणि कशी उतरते याची समीकरणं मांडली आणि पडताळायला घेतले ते मुंबईतल्या प्लेगचे आकडे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले आठवडावार मृत्यू. मॅकेंड्रिक स्वतः भारतात, कसौलीला नोकरीला होते. पुढे १९८०-८१ मध्ये रॉय अँडरसन आणि रॉबर्ट मे या शास्त्रज्ञांनी तेच गणित किडींकडे वळवलं आणि त्यात एक मोलाची भर घातली. प्लेगच्या समीकरणात निरोगी, रोगी आणि बरे झालेले किंवा मेलेले एवढेच होते. किडीचा विषाणू मात्र किडीच्या बाहेर, पानावर, मातीत पडून राहतो, वाट बघतो. म्हणून त्यांनी पानावरच्या विषाणूचा स्वतंत्र हिशेब ठेवला.

आमच्या शेतापुरतं त्यात चार आकडे लागतात. अळी आणि विषाणू यांची गाठ पडण्याचा वेग. खाल्ल्यापासून मरेपर्यंतचे दिवस. एका मेलेल्या अळीतून किती डब्या बाहेर पडतात. आणि पानावरच्या डब्या रोज किती निकामी होतात. विद्यापीठातला एमएस्सीचा विद्यार्थी हे समीकरण एका दुपारी संगणकावर चालवून दाखवील. पण त्यात घालायचे सोलापूरचे आकडे त्याला मिळणार नाहीत, आणि सगळं अडलंय ते इथेच.

या गणिताने मला पहिली गोष्ट शिकवली ती थोडी निराश करणारी होती. विषाणूची साथ आपोआप पसरायला अळ्यांची संख्या एका उंबरठ्याच्या वर असावी लागते. जंगलात ते चालतं. अमेरिकेतल्या ओकच्या झाडांवर पतंगाच्या अळ्यांचं पेव फुटतं, पानं संपतात, मग विषाणूची साथ येऊन अळ्या कोसळतात आणि झाडाला पुन्हा पालवी फुटते. आमच्या एकरात तो उंबरठा ओलांडेपर्यंत थांबलो तर तोडायला टोमॅटोच राहणार नाहीत. भोक पडलेल्या फळाला पालवी फुटत नाही. म्हणजे नुसती साथीवर भिस्त ठेवून भागणार नाही. फवारा आपणच द्यायचा, आणि विषाणू आपोआप पसरला तर तो वरचा फायदा. मग "साथ येईल का" हा प्रश्न बाजूला राहतो आणि उरतो तो एवढाच: कोणत्या दिवशी, आणि पुन्हा किती दिवसांनी?

वहीत मी दोन रेषा काढल्या. समजा उघड्या पानावर विषाणू रोज निम्मा होतो. आज १५,०००, उद्या ७,५००, परवा ३,७५०. सातव्या दिवशी २३४, दहाव्या दिवशी ३० सुद्धा नाहीत. ही उतरती रेषा. दुसरी चढती. नुकती अंड्यातून निघालेली अळी मरायला मोजक्या डब्या पुरतात. तीच अळी कात टाकत टाकत वाढून पाचव्या अवस्थेत गेली की हजारपट किंवा त्याहून जास्त लागतात. शिवाय मोठी अळी फळात शिरते आणि फळाच्या आत फवारा जात नाही. एक रेषा खाली येते, एक वर जाते, आणि कुठल्यातरी दिवशी त्या छेदतात. त्या दिवसानंतर फवारलेली बाटली पाण्यात. आमच्या एकरात त्या आठवड्यात बोटाएवढ्या अळ्याही होत्या आणि केसाएवढ्याही. बारीक होत्या त्या शेंड्याला लटकल्या असाव्यात, बोटाएवढ्या मात्र फळात सुखाने होत्या. भाऊजींनी तिसऱ्या दिवशी बघितल्या त्या याच.

पंधरा हजाराच्या आकड्यातही एक फसवणूक आहे. तो जमिनीच्या मापाने काढलेला. टोमॅटोच्या पानांचं क्षेत्र जमिनीच्या काही पट असतं, अर्धा फवारा मल्चिंगच्या कागदावर ओघळतो, पानाच्या खालच्या बाजूला तर पोचतच नाही. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की झाड वाढतं. फवारल्यानंतर आठवड्यात तारेवर वीतभर नवा शेंडा येतो. त्यावर एकही डबी नसते. मादी पतंग नेमकी तिथेच, कोवळ्या पानाला आणि फुलकळीजवळ, सुटी सुटी अंडी घालते. म्हणजे ऊन सोडा, ढगाळ हवेतसुद्धा आठ-दहा दिवसांनी फवारा जुना होतो, झाडाच्या वाढीमुळेच. हे कुठल्या बाटलीवर लिहिलेलं मी पाहिलं नाही.

आता उन्हाळ्याचं बघा. अळीची वाढ दिवसांवर अवलंबून नसते, ऊब किती साठली त्यावर असते. त्यासाठी अंश-दिवस मोजतात: दिवसाच्या सरासरी तापमानातून, ज्याखाली अळी वाढतच नाही ती मर्यादा वजा करायची आणि रोजची बेरीज करत जायचं. मर्यादा १२ अंश धरली आणि अंड्यातून निघाल्यापासून तिसऱ्या अवस्थेपर्यंत समजा ५५ अंश-दिवस लागतात. जानेवारीत आपल्याकडे कमाल ३०, किमान १६ असेल तर रोज ११ जमा होतात, पाच दिवस मिळतात. एप्रिलमध्ये कमाल ४०, किमान २४ असेल तर रोज २०; तीन दिवसही पुरते मिळत नाहीत. त्याच एप्रिलच्या उन्हात पानावरचा विषाणू लवकर मरतो, आणि चाळिशीच्या आसपासच्या तापमानात अळीच्या अंगातही तो नीट वाढत नाही. एकाच बाटलीचा, एकाच मात्रेचा, एकाच शेतातला परिणाम दोन महिन्यांत इतका बदलतो. शेतकरी म्हणतो, "मागच्या वेळी लागू पडलं, या वेळी नाही, कंपनीने पाणी विकलं." कधी ते खरंही असेल. पण बऱ्याचदा तारीख चुकलेली असते.

पीक बदललं तरी हिशेब बदलतो. हरभऱ्याच्या पानातली काही द्रव्यं विषाणूला अडथळा करतात, टोमॅटोवर तो तुलनेने चांगला चालतो. आणि सगळ्या अळ्या सारख्याही नसतात. शास्त्रज्ञ ग्रेग ड्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली जंगलातल्या अळ्यांवर दाखवलं की काही अळ्या चटकन लागण घेतात, काही चिवट असतात. ही तफावत गणितात घेतली नाही तर साथीचा अंदाज वाढवून येतो. चटकन मरणाऱ्या आधी संपतात, मागे राहतात त्या चिवट. मी शाळेत सरासरी शिकवताना मुलांना सांगायची, सरासरीने वर्गात कोण नापास होणार ते कळत नाही. इथेही तेच आहे.

फळबागेतला या विद्येचा एक जुना धडा सफरचंदाचा आहे. सफरचंद पोखरणाऱ्या कॉडलिंग पतंगाचा विषाणू १९६३ च्या सुमारास मेक्सिकोत सापडला आणि १९८० च्या दशकाच्या शेवटापासून युरोपात त्याची उत्पादनं विकली जाऊ लागली. ती किड आपल्या सोलापुरात नाही; भारतात ती लडाखपुरती आहे. पण तिची अडचण आमच्यासारखीच, किंबहुना जास्त अवघड. अळी अंड्यातून निघाली की साधारण दिवसभरात फळात शिरते. तेवढ्या वेळात तिने विषाणू खाल्ला तर खाल्ला. म्हणून तिथले बागायतदार कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या) पहिले पतंग लागले त्या दिवसापासून १० अंशांच्या वरचे अंश-दिवस मोजतात, अंडी फुटण्याची तारीख काढतात आणि त्या तारखेला फवारतात. त्यांच्याकडे बाटलीसोबत तारीख येते.

त्याच सफरचंदाने एक ठेचही दाखवली. २००५ च्या सुमारास जर्मनीतल्या काही सेंद्रिय बागांमधून बातमी आली की विषाणू लागू पडेनासा झाला. सगळीकडे वर्षानुवर्षं एकाच मूळ वाणाचा विषाणू वापरला जात होता. २००७ मध्ये कळलं की त्या पतंगांमधली प्रतिकारशक्ती लिंग-गुणसूत्रावर बसलेली आणि प्रभावी प्रकारची आहे. पतंगांत मादीकडे तसं गुणसूत्र एकच असतं, त्यामुळे ती झपाट्याने पसरली. पुढे विषाणूचे दुसरे वाण शोधून मार्ग निघाला. आपल्याकडे शेतकऱ्याने आंधळेपणाने दर आठवड्याला विषाणू मारायला सुरुवात केली तर तेच आपल्या दारात येऊ शकतं. म्हणून मी "जास्त फवारा" असं म्हणत नाही. नेमक्या दिवशी फवारा, हे म्हणते.

डाळिंबाचं मुद्दाम शेवटी ठेवलं. सुरसा अळी, जी फळात शिरून मागच्या टोकाने भोक बुजवून बसते, ती पतंगाची नाही, एका फुलपाखराची आहे. तिच्यासाठी एचएएनपीव्हीसारखी तयार बाटली आमच्या दुकानांत मिळत नाही. तिच्या विषाणूवर काम व्हावं ही माझी इच्छा आहेच, पण ते वर्षानुवर्षांचं काम आहे हे मला कळतं. टोमॅटोवर मात्र विषाणू आज हातात आहे. टोमॅटोवर गणित बसवलं तर डाळिंबाच्या वेळी आपण शून्यापासून सुरुवात करणार नाही. अंडी कधी फुटतात, अळी फळाबाहेर किती तास असते, ही मोजणी तिथेही लागणारच आहे, मग हत्यार कुठलंही असो.

आता माझं मागणं.

सोलापूरच्या उन्हात हा विषाणू पानावर किती तास टिकतो, हे मोजा. जानेवारीत एकदा, एप्रिलमध्ये एकदा, सप्टेंबरच्या ढगाळ हवेत एकदा. राणीपाल घालून आणि न घालता. फवारलेली पानं रोज तोडायची, प्रयोगशाळेतल्या बारीक अळ्यांना खायला द्यायची, किती मरतात ते लिहायचं. याला यंत्र लागत नाही, चिकाटी लागते. "काही तासांपासून काही दिवसांपर्यंत" असा दुसऱ्या देशातला आकडा घेऊन आम्ही काय करणार? माझ्या दोन रेषांमधला "समजा रोज निम्मा" हा शब्द मला खोडायचा आहे.

क्रॉपसॅप आणि हॉर्टसॅप या पिकं-फळबागांवरच्या कीड-रोग पाहणीच्या योजनांखाली शासनाची माणसं गेली कित्येक वर्षं शेतोशेती जाऊन किडींची मोजणी करतात. एवढी शिस्तीची मोजणी देशात फार थोड्या ठिकाणी होते. ती आज सल्ला देण्यापुरती वापरली जाते: नुकसानीची पातळी ओलांडली, फवारणी करा. पण अळ्यांनी पातळी ओलांडली असं दिसतं तोवर विषाणूचा दिवस अनेकदा टळलेला असतो. ते आकडे आणि तापमानाच्या नोंदी एकत्र आणून संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवा. सापळ्यात पतंग वाढले त्या दिवसापासून किती अंश-दिवसांनी बारीक अळ्या दिसल्या, एवढा एकच प्रश्न त्यांना द्या. एमएस्सीचे किती प्रकल्प परदेशी तयार आकड्यांवर होतात! हा आपल्या तालुक्यांचा आहे.

बाटलीची तपासणी कुणीतरी हातात घ्या. आमची बाटली दुकानात शटरजवळच्या फळीवर होती, दुपारचं ऊन थेट काचेवर येत होतं. विषाणू सावलीत, थंड ठेवायचा असतो. रक्तपेशी मोजायच्या काचपट्टीवर या डब्या मोजता येतात, आपल्या कॉलेजांच्या जीवशास्त्र विभागात ती पट्टी आहे. मोजणीत डबी जिवंत की मेलेली ते कळत नाही, त्यासाठी पुन्हा अळ्यांवर चाचणी हवी. पण निदान आत आहे की नाही एवढं तरी कळेल. आणि आमच्याकडूनही एक चूक होते ती सांगते. ज्या पंपात डाळिंबाच्या तेल्या रोगासाठी बोर्डो मिश्रण कालवतो, तोच पंप नुसता खंगाळून विषाणूला वापरतो. चुना-मोरचुदाचं उरलंसुरलं पाणी विषाणूला मानवणारं नाही. मी आता विषाणूसाठी वेगळा पंप ठेवला आहे, हिरवी दोरी बांधून. गावात हे मी सांगते, पण माझ्या सांगण्याला तुमच्या सांगण्याचं वजन नाही.

आणि शेतकऱ्याला पाचव्या दिवसापर्यंत थांबवा. गणितात तो नुसता विलंबाचा आकडा आहे, पण बांधावर उभ्या माणसाला ते पाच दिवस फार लांब असतात. त्याला आधीच सांगा की तिसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसतील, त्यांची भूक मंदावलीय का ते बघ, रंग फिकट होतोय का बघ, सातव्या दिवशी शेंडे बघ. फवारणीनंतर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी मोबाइलवर एवढे दोन निरोप आले असते, तर आमच्या भाऊजींनी पंप भरला नसता. आणि रासायनिक औषध मारलंच तर शेताच्या कडेच्या चार ओळी त्यातून सोडायला सांगा, दरवेळी, मुद्दाम. आमच्या शेतात त्या चुकून सुटल्या म्हणून मला काही कळलं.

मी दिलेले आकडे तपासा. माझी दोन रेषांची वही फार ओबडधोबड आहे याची मला जाणीव आहे: पक्षी यात धरलेले नाहीत, आणि आमच्या पक्षिथांब्यांवर बसणारे कोतवाल मेलेल्या अळ्या खाऊन विष्ठेतून विषाणू दुसऱ्या वाफ्यात नेतात. अळ्या एकमेकींना खातात आणि त्यातूनही लागण जाते, तेही धरलेलं नाही. पावसाने मातीतला विषाणू उडून खालच्या पानांवर येतो, तेही नाही. हे धरायचं कसं ते तुम्हाला येतं.

या हंगामात टोमॅटोची लागवड दसऱ्यानंतर करणार आहोत. एकराला पाच कामगंध सापळे लावू, रोजचे पतंग आणि कमाल-किमान तापमान मी वहीत लिहीन, दर रविवारी पन्नास झाडांचे शेंडे उलटून अंडी आणि बारीक अळ्या मोजीन. वहीची झेरॉक्स ज्याला हवी त्याला देईन. तुमच्यापैकी कुणी, किंवा तुमचा एखादा विद्यार्थी, शेतावर आला तर सकाळी सातच्या आत यावं. तेव्हा मी सापळे रिकामे करत असते आणि रात्रीचे पतंग मोजून झालेले नसतात.

आपली,
मोहोळ तालुक्यातील एक निवृत्त गणित शिक्षिका आणि टोमॅटो उत्पादक